'वेडा' या एका शब्दापलीकडे : मानसिक आजारांच्या संज्ञांचा परिचय



आपल्या घरात कोणाला कावीळ झाली तर आपण तिला कावीळ म्हणतो. मधुमेह, दमा, क्षय या आजारांना आपण त्यांच्या नावाने ओळखतो आणि म्हणूनच त्यावर औषध कोठे मिळते हेही विचारू शकतो. मन आजारी पडले की मात्र आपल्याजवळ एकच शब्द उरतो, तो म्हणजे 'वेडा'. हा शब्द आजाराचे नाव नव्हे. तो माणसाला दिलेला शिक्का होय. या शब्दाने काय बिघडले आहे ते कळत नाही, कोणाकडे जावे ते कळत नाही, आणि लाजेपोटी आपण दारे-खिडक्या लावून बसतो. म्हणून सदर लेखात मानसिक आजारांविषयीच्या, विशेषतः सायकोसिस या गंभीर अवस्थेविषयीच्या काही संज्ञांचे अर्थ सोप्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

या विषयावर लिहिण्याचे कारणही सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. ते म्हणाले, "गुरुजी, पोरगं नीट बोलत नाही हो. रात्रभर जागं असतं. शेजारचे लोक भिंतीतून माझ्याविषयी बोलतात म्हणतं. आंघोळ नाही, जेवण नाही. काय करू?" मी शिक्षकी पेशातला माणूस. चार पुस्तके वाचलेली. तरी मी त्यांना म्हणालो, "अभ्यासाचा ताण असेल. थोडे दिवस गावी पाठवा. जमल्यास लग्नाचे बघा, आपोआप सुधारेल." माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी दीड-दोन वर्षे घालवली. गाव झाले, मांत्रिक झाला, स्थळे पाहून झाली. शेवटी एका सरकारी रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला तपासले, तेव्हा आजाराचे नाव कळले. आज तो मुलगा छापखान्यात काम करतो, औषधे घेतो, आईला पगार आणून देतो. पण त्याचे शिक्षण सुटले ते सुटलेच. त्या दोन वर्षांचा दोष मी स्वतःला देतो. मला शब्द माहीत नव्हते, आणि माहीत नसतानाही मी सल्ला दिला.

मनोविकार, न्यूरोसिस आणि सायकोसिस

'मनोविकार' हा सर्वांत व्यापक शब्द होय. विचार, भावना, वागणूक यांत असा बिघाड होणे की ज्यामुळे माणसाला त्रास होतो किंवा त्याचे रोजचे जीवन अडते, त्याला मनोविकार म्हणतात. यात चिंता, उदासीनता, व्यसन असे अनेक आजार येतात. म्हणजे प्रत्येक मनोरुग्ण सायकोसिसचा रुग्ण नसतो.

'न्यूरोसिस' हा शब्द जुन्या पुस्तकांत भेटतो. अतिचिंता, अनाठायी भीती, पुन्हा पुन्हा हात धुण्यासारख्या क्रिया यांसाठी तो वापरीत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 1980 सालच्या आजारसूचीत या गटनावाला फाटा देण्यात आला आणि त्यातील आजारांना स्वतंत्र नावे मिळाली. विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण क्रमिक पुस्तके आणि दवाखाना यांची भाषा नेहमी एकच नसते.

'सायकोसिस' म्हणजे वास्तवाशी असलेला संबंध सुटणे. मराठी पुस्तकांत यासाठी चित्तविकृती, मनोविकृती असे शब्द आढळतात. परंतु बोलण्यात 'विकृत' हा शब्द दुष्ट माणसासाठी वापरला जात असल्याने या लेखात सायकोसिस हाच शब्द ठेवला आहे. येथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. सायकोसिस हे एका विशिष्ट आजाराचे नाव नाही, ती एक अवस्था आहे. जसा ताप हा मलेरियात येतो, न्यूमोनियात येतो आणि टायफॉइडमध्येही येतो, तसेच सायकोसिसचे आहे. ताप दिसला की कारण शोधावे लागते, तसेच येथेही शोधावे लागते.

भ्रम, भास आणि संभ्रम

हे तीन शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

भ्रम : वस्तू असते, पण ती वेगळीच भासते. अंधारात दोरीवर वाळत घातलेला सदरा माणसासारखा दिसतो. असे कोणालाही होते. दिवा लावला की भ्रम जातो.

भास : वस्तू नसतानाच तिचा अनुभव येणे. कोणी बोलत नाही, पण आवाज ऐकू येतो. भास डोळ्यांचा, नाकाचा, जिभेचा, त्वचेचाही असू शकतो. छिन्नमनस्कता या आजारात आवाजांचे भास सर्वांत अधिक आढळतात. आवाज शिव्या देतात, हुकूम देतात किंवा माणसाच्या प्रत्येक हालचालीवर टीका करतात. रुग्ण नाटक करीत नसतो. आपला आवाज त्याला जितका खरा, तितकाच तोही खरा वाटतो. मात्र झोप लागता लागता कोणी हाक मारल्यासारखे वाटणे, किंवा घरातील माणूस गेल्यावर काही दिवस त्याचा आवाज आल्यासारखे वाटणे, एवढ्यावरून आजार ठरत नाही.

संभ्रम : पुराव्याने किंवा समजुतीने न हलणारा, चुकीचा आणि पक्का विश्वास. 'माझ्या जेवणात विष घालतात', 'टीव्हीवरील बातम्यांतून मलाच इशारा देतात', 'माझ्या डोक्यातील विचार सर्वांना ऐकू जातात' ही त्याची उदाहरणे होत. ज्या समाजात माणूस वाढला, त्या समाजातील इतर लोकही जे मानतात, त्याला वैद्यकशास्त्र संभ्रम म्हणत नाही. एखादी समजूत चुकीची असू शकेल, पण चुकीची समजूत म्हणजे आजार नव्हे.

आमच्या वस्तीतील मुलाला भिंतीतून आवाज येत, हा भास. शेजाऱ्यांनी आपल्याविरुद्ध कट केला आहे अशी त्याची खात्री होती, हा संभ्रम. वडील रोज त्याच्याशी वाद घालीत, "दाखव बरं कोण बोलतंय ते." वादाने संभ्रम जात नाही. उलट आपलेही लोक त्या कटात सामील आहेत असे रुग्णाला वाटू लागते. "तुला आवाज येतात, त्यामुळे तुला भीती वाटते, हे मला समजते. मला ते ऐकू येत नाहीत, पण मी तुझ्याबरोबर आहे," असे बोलणे योग्य होय.

दिसणारी आणि न दिसणारी लक्षणे

विचारांतील विस्कळीतपणा : बोलता बोलता रुळ सुटतो. एका वाक्याचा दुसऱ्याशी मेळ राहत नाही. प्रश्न एक, उत्तर भलतेच.

नकारात्मक लक्षणे : 'नकारात्मक' म्हणजे वाईट विचार करणारा असा येथे अर्थ नाही. जे असायला हवे ते उणे होणे, असा तो अर्थ आहे. बोलणे कमी होते, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, मित्र सुटतात, अंघोळ-दाढीची इच्छा राहत नाही. घरचे लोक याला आळस म्हणतात आणि मुलाला बोल लावतात. आवाज येणे, संशय घेणे यांना 'सकारात्मक लक्षणे' म्हणतात, कारण तेथे नसलेली गोष्ट अधिक झालेली असते.

कॅटाटोनिया : तासन् तास एकाच अवस्थेत बसणे, न बोलणे, न खाणे, किंवा निष्कारण अतिशय हालचाल करणे. ही तातडीने रुग्णालयात नेण्याची बाब आहे.

मर्मदृष्टी : आपण आजारी आहोत याची जाणीव. सायकोसिसमध्ये ही जाणीवच पुष्कळदा हरवते. म्हणून 'त्याला गरज वाटली तर तो स्वतः डॉक्टरकडे जाईल' ही अपेक्षा फोल ठरते. पाय मोडलेला माणूस दवाखान्यात न्या म्हणतो, सायकोसिसचा रुग्ण बहुधा म्हणत नाही. पहिले पाऊल घरच्यांनी उचलावे लागते.

सायकोसिस कशाकशात आढळतो?

छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनिया हा त्यातील मुख्य आजार. जर्मन वैद्य क्रेपेलिन यांनी त्याला तरुणपणी येणारा बुद्धिभ्रंश मानले होते. स्वित्झर्लंडचे ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 साली स्किझोफ्रेनिया हे नाव दिले. विचार, भावना आणि वागणूक यांची एकमेकांशी असलेली जोडणी तुटते असे त्यांना म्हणायचे होते. एका माणसात दोन माणसे राहतात, असा त्याचा अर्थ मुळीच नाही, जरी सिनेमांनी तो तसा रुजवला असला तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 2 कोटी 40 लाख लोकांना, म्हणजे दर 300 माणसांमागे एकाला हा आजार आहे. तो बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो. म्हणजे ज्या वयात परीक्षा, नोकरी आणि लग्न समोर असते, नेमके तेच वय.

नावाचा परिणाम किती खोल असतो याचे एक उदाहरण जपानचे आहे. तेथे या आजाराच्या जुन्या नावाचा अर्थ 'मन फाटण्याचा रोग' असा होता. डॉक्टरही ते नाव रुग्णाला सांगायला कचरत. रुग्णांच्या कुटुंबीयांनी मागणी केल्यावर 2002 साली ते बदलून 'मेळ बिघडण्याचा विकार' अशा अर्थाचे नाव देण्यात आले. नाव बदलल्यावर आजार सांगणे सोपे झाले.

द्विध्रुवीय विकार म्हणजेच बायपोलर आजार : यात काही काळ अतिउत्साह, कमी झोप, अफाट खर्च, मोठमोठ्या बाता आणि काही काळ खोल उदासीनता असते. दोन्ही टोकांना सायकोसिस होऊ शकतो.

तीव्र औदासीन्य : 'मी पापी आहे, माझे शरीर सडले आहे' असे संभ्रम यात होऊ शकतात.

अल्पकालीन सायकोसिस : अचानक सुरू होऊन काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ण बरा होणारा. त्यामुळे एकदा भास झाले म्हणजे जन्माचा आजार जडला, असे मानू नये.

प्रसूतीनंतरचा सायकोसिस : हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होतो. बाहेरची बाधा म्हणून वेळ घालवल्यास आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. त्वरित उपचार केल्यास बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात.

व्यसनामुळे होणारा सायकोसिस : दारू, गांजा आणि इतर मादक पदार्थांमुळे. कमी वयात आणि नेहमी गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिसचा धोका वाढतो. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ज्या शब्दांची गल्लत होते

डिलिरियम : तापात, साखर किंवा क्षार कमी झाल्यावर, अथवा रोजची दारू एकाएकी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी माणूस बरळतो, दिवस-रात्रीचे भान राहत नाही. हा शरीराच्या आजाराचा मेंदूवरील परिणाम होय. यात जीव जाऊ शकतो, म्हणून प्रथम साध्या रुग्णालयातच धाव घ्यावी.

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया : बहुधा वृद्धापकाळी स्मरणशक्ती हळूहळू क्षीण होणे.

बौद्धिक अक्षमता : पूर्वी यास मतिमंदत्व म्हणत. बुद्धीची वाढच बालपणापासून कमी असते. हा मनोविकार नव्हे. 2017 च्या कायद्यानेही तो मानसिक आजाराच्या व्याख्येतून वगळला आहे.

सायकोपॅथ : दुसऱ्याच्या वेदनेची पर्वा नसलेल्या व्यक्तिमत्त्वासाठी हा शब्द वापरतात. सायकोसिसशी त्याचा संबंध नाही. वर्तमानपत्रांतील 'माथेफिरू' या शब्दाने दोन्ही एकाच पोत्यात भरले जातात. वास्तविक सायकोसिसचे बहुसंख्य रुग्ण हिंसक नसतात. इतरांना होणाऱ्या त्रासापेक्षा त्यांनाच मारहाण, फसवणूक होण्याचा आणि त्यांनी स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा धोका अधिक असतो. रुग्ण मरणाची भाषा बोलला तर ती धमकी समजू नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

कारणे कोणती?

कारण एकच नसते. मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या कार्यातील बिघाड, आनुवंशिकता, गर्भावस्थेतील अडचणी, बालपणीचे आघात, मादक पदार्थ अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. मोठ्या शहरांतील जीवन, स्थलांतर आणि भेदभाव यांमुळेही धोका वाढतो, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. आई किंवा वडील यांपैकी एकास छिन्नमनस्कता असेल तर मुलांत ती होण्याचे प्रमाण शंभरात सुमारे दहा असते. याचाच अर्थ नव्वद मुलांना ती होत नाही. आईने लाड केले म्हणून, कोणी नजर लावली म्हणून किंवा मागील जन्मीच्या पापामुळे हा आजार होत नाही.

उपचार

1952 साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना प्रथम देण्यात आले आणि साखळदंडांच्या काळाला उतार लागला. त्यानंतर अनेक नवी औषधे आली. ती झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचे व्यसन लागत नाही. पूर्ण गुण येण्यास काही आठवडे लागतात. अंग ताठ होणे, हात थरथरणे, वजन किंवा रक्तातील साखर वाढणे असे दुष्परिणाम होऊ शकतात. ते डॉक्टरांना सांगावेत, म्हणजे मात्रा किंवा औषध बदलता येते. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद करणे ही सर्वांत मोठी चूक होय, कारण आजार उलटतो. ज्यांना रोजची गोळी जमत नाही त्यांच्यासाठी काही आठवड्यांनी एकदा घ्यावयाची इंजेक्शने आहेत.

विजेच्या उपचाराविषयी, म्हणजे 'शॉक'विषयी, फार भीती आहे. तो योग्य रुग्णाला गुणकारी ठरतो. आजच्या कायद्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय तो देता येत नाही.

औषधांइतकेच समुपदेशन, कुटुंबाचे प्रशिक्षण आणि पुन्हा कामाला लागणे यांना महत्त्व आहे. लग्न हा उपचार नव्हे. आजार लपवून लावलेल्या लग्नात दोन आयुष्ये भरडली जातात.

आजार सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतच्या काळास 'उपचाराविना गेलेला काळ' म्हणतात. हा काळ जितका लांबतो, तितके बरे होणे अवघड होते. या लेखातील एकच संज्ञा लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे आढळले होते.

कोणाकडे जावे?

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिॲट्रिस्ट, हा वैद्यकीय पदवीधर असून औषधे देतो. मानसशास्त्रज्ञ म्हणजे सायकॉलॉजिस्ट, हा चाचण्या आणि समुपदेशन करतो, औषधे देत नाही. सायकोसिसची शंका असल्यास प्रथम मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालये येथे हा विभाग असतो. ठाणे, पुण्यातील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्य शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक 14416 असून ती मोफत, चोवीस तास आणि मराठीतूनही मिळते.

कायदा काय म्हणतो?

इंग्रज राजवटीतील 1912 च्या कायद्याच्या नावातच 'वेडेपणा' होता. नंतर 1987 चा मानसिक आरोग्य कायदा आला. ऑगस्ट 2001 मध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले पंचवीसहून अधिक रुग्ण पळू न शकल्याने जळून मेले. आज मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 अमलात आहे. त्यानुसार रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे, सरकारी सेवेत उपचार मिळणे हा हक्क आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावयाचे आहे. रस्त्यावर भटकणारा रुग्ण आढळल्यास पोलिसांनी त्याला कोठडीत न टाकता 24 तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावयाचे आहे.

याच कायद्यात असेही म्हटले आहे की, कोणाचा सामाजिक किंवा आर्थिक दर्जा, त्याचा धर्म वा समूह, अथवा समाजात रूढ असलेल्या श्रद्धा त्याने न मानणे, या कारणांवरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. प्रचलित रूढी नाकारणाऱ्याला 'डोके फिरलेला' म्हणण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. ती आता कायद्यालाही मान्य नाही.

महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे हा त्यानुसार गुन्हा होय.

आपले काम

आपल्या संस्थेचे सभासद एकमेकांच्या सुखदुःखात धावून जातात. कोणी रुग्णालयात असेल तर डबा घेऊन जातात, रक्त देतात. तोच डबा मनोरुग्णाच्या घरीही गेला पाहिजे. त्या घरची आई ओट्यावर येऊन बोलू शकली पाहिजे, आणि तिच्या मुलीच्या स्थळाला त्या कारणाने नकार जाता कामा नये. विद्यार्थ्यांनी वर्गातील एखादा मित्र एकाएकी अबोल झाला, झोप विसरला, सगळ्यांवर संशय घेऊ लागला तर त्याची टिंगल न करता त्याच्या घरी कळवावे.

त्या गृहस्थांनी मला कधी दोष दिला नाही. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "गुरुजी, आता कोणी विचारलं तर मी सांगतो, मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, औषध चालू आहे." एवढे वाक्य उच्चारायला त्यांना किती वर्षे लागली, हे मला ठाऊक आहे. आपल्यापैकी कोणालाही ते उच्चारायला एक दिवसाहून अधिक लागू नये, एवढीच अपेक्षा.